अक्काच्या कॅसेटमधला सेल

प्रिय अक्का,

तुझ्या बागेतलं घड्याळ मागं पडायला लागलंय, म्हणून लिहितोय. नाहीतर मी काही पत्र लिहिणाऱ्यांतला नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे? साधा गॅसवाल्याचा नंबर उतरवून घ्यायचा झाला तरी वही तुझ्यापुढे सरकवायचो.

आज जेवण झाल्यावर तुझा तो हातात धरायचा गेम चालू केला. रोज करतो. बटणं दाबत नाही, नुसता बघतो. तुझी टोपीवाली बाई विहिरीपाशी उभी असते, मागं पेरूच्या झाडांची रांग, बाजूला तीन कोंबड्या. त्या बागेत आपल्याबरोबरच उजाडतं आणि आपल्याबरोबरच मावळतं, याचं तुला केवढं कौतुक होतं! आज इथं दुपारचं ऊन खिडकीतून थेट माझ्या ताटात आलं होतं आणि तुझ्या बागेत अजून सकाळचं धुकं.

तू असतीस तर मान वर न करता म्हणाली असतीस, "सेल संपत आलाय की."

एवढंच. पण त्या एवढ्याशात किती काय आहे! गेममध्ये घालायच्या कॅसेटच्या पोटात शर्टाच्या बटणासारखा सेल असतो. गेम बंद असताना बाग लक्षात ठेवायचं आणि तिचं घड्याळ चालवायचं काम तो करतो. तो संपला की बाग गेली. पुन्हा चालू केलं की पडदा कोरा, आणि वर विचारणार, "तुमचं नाव काय?" चौदा वर्षांची झाडं, विहीर, कोंबड्या, काही नाही. तू जाऊन चार महिने झाले अक्का. आता हेही जायचं?

सेल बदलायला हवा हे मला पंधरा दिवसांपासून कळत होतं. घड्याळ आधी पाच मिनिटं मागं होतं, मग तासभर. रोज टेबलापाशी जायचो आणि परत यायचो. समोर तुझी खुर्ची रिकामी, आणि मी सेलचं काम करणार? बाकी सगळं तू एकटीनं करायचीस, पण ते काम आपण कधी एकट्यानं केलं नाही.

निदान मला तरी तसंच वाटत होतं. त्यावर येतोच.

मी मागावर होतो तो टॉवेलचा कारखाना बंद पडला तेव्हा तू चिंचोळीच्या कंपनीतली नोकरी सोडून घरी बसली होतीस. बसली होतीस म्हणायचं आपलं! एकवीस वर्षं कंपनीत सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलेला हात, तो कुठला गप्प बसतोय? शेजारच्यांचा माळ्यावर पडलेला टीव्ही गेम दुरुस्त केलास, मग त्यांच्या मेहुण्याचा, मग कुठून कुठून लोक पिशव्यांत गुंडाळून जुने गेम घेऊन यायला लागले. पिवळे पडलेले, आत झुरळांनी संसार थाटलेले. तू नुसती दुरुस्ती करून सोडायची नाहीस. जुन्या गेमला नव्या टीव्हीची वायर लागेल अशी सोय करायचीस, अंधारा पडदा काढून उजेडाचा बसवायचीस. सगळ्या गल्लीत तू 'गेमवाली अक्का' झालीस. त्या नावाचा राग येतो असं दाखवायचीस, पण कुणी नुसतं 'अक्का' म्हणालं तर कुठली अक्का, असं विचारायलाही कमी करायची नाहीस.

आणि मी? मी दोन महिने ओट्यावर. तीस वर्षं मागापुढे उभा राहिलेला माणूस, मला रिकामं बसायचं कसं हेसुद्धा येत नव्हतं. तू जेवायला हाक मारलीस की जेवायचो, नाही मारलीस तर नाही. दाढी वाढली होती. कुणी ओळखीचं रस्त्यानं येताना दिसलं की तोंड फिरवायचो.

एक दिवस आतून हाक आली.

"शिवू, हिकडं ये. ह्या दोन तारा धर."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायचं काय हाय त्यात? इतकी वर्सं तुटलेला धागा चिमटीत धरलास की. तसंच धरायचं. हलायचं न्हाय, बस्स."

जुना सेल काढल्यापासून नवा बसेपर्यंत मधे जो वेळ जातो, तेवढ्यात कॅसेट सगळं विसरते. म्हणून तेवढ्यापुरता आणखी एक सेल बाहेरून जोडायचा. त्याच्या दोन तारा, एक लाल, एक काळी. त्या मी कॅसेटच्या आतल्या दोन ठिपक्यांवर चिमटीनं दाबून धरायच्या. तू सोल्डरिंग आयर्न तापवायचीस, टेकवायच्या आधी त्याची पिन भिंतीतून काढायचीस, कारण विजेचा एवढासा झटकासुद्धा कॅसेटला नको. मग जुना सेल उचलायचीस आणि नवा बसवायचीस. पाच-सात मिनिटांचं काम. पण तेवढ्यात माझी बोटं हलली तर कुणाची तरी कितीतरी वर्षं पुसली जाणार.

आणि त्या पाच-सात मिनिटांत तू काय बोलायचीस! मी हलू शकत नाही म्हटल्यावर तुला चेवच यायचा. इतकी स्थळं आली, एकालाही हो का म्हणाला नाहीस? तंबाखू सोडली म्हणतोस, मग खिशात पुडी कसली? मावशीच्या घरी जेवायला बोलावलं तर पोट दुखतं कसं बरोबर त्याच दिवशी? मी उठून जाऊ शकत नव्हतो. नाकाला खाज सुटली तर तू कोपरानं माझं नाक घासून द्यायचीस आणि आईच्या कानडीत दटावायचीस, "सुम्न कुंद्र!" गप बस म्हणे. बोलत तू होतीस की!

दहा कॅसेटी झाल्या, वीस झाल्या. माझी दाढी निघाली. मी सकाळी उठून तुला विचारायला लागलो, आज किती आहेत?

मग ते अक्कलकोटचे मल्लिनाथ आले. आठवतात ना? पिठाची गिरणी चालवणारे, मिशीवर सुद्धा पीठ. कॅसेट धुतलेल्या रुमालात बांधून आणली होती. बारा वर्षं गिरणीच्या कोपऱ्यात बसून त्या माणसानं गाड्यांच्या शर्यती जिंकल्या होत्या.

"सगळ्या गाड्या हायत बघा अक्का माझ्याकडं. एक बी राहिली न्हाय."

"व्हय? मग नीट संभाळून करते की. बसा, चहा घ्या."

ते बाहेरच्या खोलीत बसले, आपण आत. मी तारा धरल्या. तू जुना सेल उचललास. आणि वीज गेली.

वीज गेल्यानं खरं तर काही बिघडणार नव्हतं. खिडकीतून लख्ख उजेड होता, आणि आपल्या दोन तारांचा भिंतीतल्या विजेशी काही संबंध नव्हता. पण वीज गेली तसे भिंतीपलीकडच्या कारखान्यातले दिवसभर खडखडणारे माग एकदम थांबले. माग थांबला म्हणजे धागा तुटला, उठायचं आणि टोक शोधायचं, हे माझ्या हातांना तीस वर्षांत इतकं शिकवलं गेलंय की ते मला विचारत नाहीत अक्का. मी उठलो. अर्धाच उठलो. तारा सुटल्या होत्या.

तू नवा सेल लावलास, कॅसेट बंद केलीस, आपल्या गेममध्ये घालून बघितलीस. मग पदराला हात पुसत बाहेर गेलीस आणि म्हणालीस, "माझा हात हालला. माझ्या हातनं गेलं सगळं."

मल्लिनाथांनी पाणी मागितलं. ते पिऊन घेतलं. मग म्हणाले, "होगली बिडरी अक्का. जाऊ द्या. गेम तर चालतोय की." रुमालाची नीट घडी घातली आणि गेले. पुन्हा कधी आले नाहीत.

मी दाराआड उभा होतो. बाहेर येऊन 'माझी चूक झाली' एवढं म्हणायला काय लागत होतं? तीन शब्द! तुझ्या हाताची ख्याती होती, माझ्या हाताला कोण ओळखत होतं? गेलं ते तुझं नाव गेलं. आणि तू संध्याकाळी काही झालंच नाही असं शेंगाची चटणी कुटत बसलीस. तेव्हा मला दोन शिव्या तरी द्यायच्यास अक्का. फार सोपं गेलं असतं मला.

आता जे कधी सांगितलं नाही ते सांगतो. त्यानंतर मी मोबाइलवर शोधत बसलो. पुन्हा असं होऊ नये म्हणून काही युक्ती मिळते का, हे बघायला. तर एक व्हिडिओ सापडला. एक माणूस सेल बदलत होता, आणि तो एकटा होता! त्या बाहेरच्या सेलच्या दोन तारा त्यानं कुणाच्या हातात दिल्याच नव्हत्या. सरळ सोल्डर करून टाकल्या होत्या. मग दोन्ही हात मोकळे. जुना काढला, नवा लावला, शेवटी त्या तारा सोडवल्या. धरायला कुणी नको, कुणाची बोटं हलायची भीती नको.

मी तो तीनदा बघितला. आणि तुला दाखवला नाही.

दाखवला असता तर माझं काम गेलं असतं, पुन्हा ओटा. पण मनाशी मी असं कबूल केलं नाही हं. मी स्वतःला म्हणालो, अक्काला बिचारीला हे ठाऊक नाही. तिला वाटतंय दोघांशिवाय होत नाही. कशाला तिचा हिरमोड करा? केवढा मोठ्या मनाचा मी! इचलकरंजीहून मागावर बोलावणं आलं तेव्हा मी छाती पुढं काढून सांगितलं, "अक्काचं काम माझ्याशिवाय चालत न्हाय." आणि तुझ्यावर उपकार केल्यासारखा घरभर वावरत राहिलो. नऊ वर्षं! नऊ वर्षं लोकांच्या कॅसेटी मी माझ्या चिमटीवर टांगून ठेवल्या, फक्त तुझ्यासमोर बसायला मिळावं म्हणून.

दवाखान्यात सांगणार होतो. तिथंही जमलं नाही. तिथं आणखी एक झालं, ते तर रोज आठवतं. तू दोनदा म्हणालीस, "माझा गेम आण की रं." मी म्हणालो, घरी गेल्यावर खेळ, आता डोळ्यांना ताण नको. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. मीच म्हणालो. मला वाटलं, गेम आणला तर तू इथंच राहणार असं होईल. काय हे डोकं माझं! पाच मिनिटं तुझी बाग तुला बघू दिली असती तर काय झालं असतं?

आता घरात आवाज आहे तो भिंतीपलीकडच्या मागांचाच. भाकऱ्या दोन थापतो, एक उरते. लोकांचे फोन येतात. "अक्का आहेत का?" मी म्हणतो, काम बंद आहे. तू नाहीस असं अजून एकाही माणसाला फोनवर म्हणालेलो नाही. मग लोक विचारतात, कधी सुरू होणार? मी म्हणतो, बघू. दुरुस्तीला आलेले तीन गेम तसेच खोक्यात पडलेत. शेजारची माणसं पहिले पंधरा दिवस यायची, मग हळूहळू बंद झाली. त्यांना दोष देत नाही. मीच हूं हूं करून बसायचो, किती दिवस येतील?

तर आज मात्र बसलो. ते धुकं बघितलं आणि भीती वाटली. हात धुतले, खिडकी उघडली, माझ्याच खुर्चीत बसलो. तुझ्यात नाही बसवलं.

तुझ्या कॅसेटला हात लावायचा नाही असा तुझा दंडक होता. "दुसऱ्या कुणाची बी उघड, माझी न्हाय." मला वाटायचं, बागेची काळजी. मी त्या व्हिडिओतल्यासारखं सगळं मांडलं, दुसरा सेल, दोन तारा, आयर्न तापत ठेवलं. तुझा तो बारका स्क्रूड्रायव्हर घेतला. माझी चिमटी पक्की असेल, पण सोल्डरिंग मला तू कधी शिकवलं नाहीस. माफ कर म्हणालो आणि झाकण उचललं.

आत सेल सरकवायच्या दोन खोबण्या होत्या. दोन! शेजारीशेजारी. कारखान्यातून तशा येत नाहीत. आतलं प्लास्टिक कानशीनं घासून तू जागा केली होतीस, नेहमीपेक्षा लहान सेलच्या खोबण्या बसवल्या होत्यास आणि त्या बारीक तारांनी एकमेकींना जोडल्या होत्यास. सोल्डरचे ठिपके असे गोल, की तुझेच. एका खोबणीत सेल, दुसरी रिकामी. रिकामीत नवा सरकवायचा, मग जुना ओढून काढायचा. झालं. तारा नकोत, आयर्न नको, माणूस नको.

झाकणाच्या आतल्या बाजूला तुझी ती नेहमीची चिठ्ठी चिकटवलेली. कुणाचीही कॅसेट असो, सेल कधी बदलला ते तू आत लिहून ठेवायचीस. तुझ्या कॅसेटमध्ये चार वेळा लिहिलं होतं. सगळ्यात वरच्या ओळीत 'दोन खोबण्या बसवल्या' आणि महिना होता; तो वाचला आणि चष्मा पुसून पुन्हा वाचला. माझा कारखाना बंद पडला, त्याच्या आदल्या वर्षाची दिवाळी.

म्हणजे "ह्या दोन तारा धर" म्हणून मला पहिल्यांदा हाक मारलीस, तेव्हाच तुला हे येत होतं! माझ्याआधीपासून येत होतं!

मला राग आला अक्का. खरंच आला. आयर्न बंद केलं आणि बाहेर येऊन ओट्यावर बसलो. मी काय लहान होतो, की हातात काहीतरी देऊन खेळवत बसावं? माझ्यामुळे मल्लिनाथांचं सगळं गेलं, ते तू माझ्यासमोर होऊ दिलंस, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच हाक मारलीस! तारा सोल्डर केल्या असत्यास तर हे झालंच नसतं. तुझ्यासारख्या कामाला जपणाऱ्या बाईनं असं करावं?

ओट्यावर ऊन होतं. तिथून आतली खोली सरळ दिसते, तुझं टेबल दिसतं. म्हणजे टेबलावरूनही ओटा दिसत असणार. ते दोन महिने तू काम करत होतीस तेव्हा मान वर केलीस की मीच दिसत असणार, दाढी वाढलेला, तोंड फिरवून बसलेला. तुला माझ्या चिमटीचं काही अडलं नव्हतं. तुला मी तिथून उठायला हवा होतो.

आणि मग मला हसायला आलं. तू मला फसवत होतीस, मी तुला फसवत होतो. दोघं समोरासमोर, श्वास रोखून, एकानं धरलंय, एक जोडतेय, आणि दोघांनाही ठाऊक की ह्याची काही एक गरज नाही! वर मला वाटायचं, बिचारी अक्का. तुला वाटायचं, बिचारा शिवू. मी ओट्यावर एकटाच मोठ्यानं हसलो. रस्त्यानं जाणारी बाई वळून बघायला लागली. हसता हसता मी आत तोंड करून "अक्का" म्हणालो, तुला सांगायला.

मग उठून आत आलो.

सेल बदलला. अर्धं मिनिट लागलं. नवा सरकवला, जुना काढला, झाकण लावायच्या आधी तुझ्या चौथ्या ओळीखाली आजचा महिना लिहिला. अक्षर काय आहे ते विचारू नकोस. चालू करून बघितलं, बाग आहे. सगळी झाडं आहेत, कोंबड्या तीन. तुझी बाई जिथं होती तिथंच आहे. काम इतकं पटकन झालं की पुढं काय करायचं ते सुचेना. म्हणून वही घेतली.

आता ही गोष्ट सांगायची कुणाला? ही ऐकून जिला सगळ्यात जास्त हसू आलं असतं ती तू. तुझ्याशिवाय ही कुणाला कळणार आहे? फार विचार केला. जगात एकच माणूस उरलाय ज्याचा ह्या गोष्टीशी काही संबंध आहे, आणि त्याची मी बारा वर्षं पुसून टाकली आहेत.

तेव्हा वचन देतो अक्का. ह्याच आठवड्यात अक्कलकोटची बस धरतो. गुरुवार सोडून, त्या दिवशी गर्दी असते. गिरणी शोधून काढतो. मल्लिनाथांना आधी सांगतो की अक्का गेली. फोनवर नाही, तोंडावर सांगतो. मग सांगतो की हात तिचा हलला नव्हता, माझा हलला होता, मी दाराआड उभा होतो. आणि मग उरलेलंही सांगतो, दोन्ही बाजूंचं. शिव्या घातल्या तर उभा राहून ऐकून घेईन, त्या तुझ्या वाट्याच्या नव्हत्याच. गिरणीतून बाहेर काढलं तर परतीच्या बसला बसेन.

पण हसले तर, अक्का, तर चार महिन्यांत पहिल्यांदा मी कुणाच्या तरी समोर बसून हसेन.

तुझाच लबाड भाऊ,
शिवू